भराव

माझं नाव येतेर. आमच्या भाषेत: पुरे.
माझ्या आधीची सोंगूल, म्हणजे शेवटचं गुलाब.
ते शेवटचं ठरलं नाही.
माझ्यानंतर दोंदू, म्हणजे वळली,
आणि खरंच वळलं. दुरसुन आला. राहू दे.
तो राहिला. खाणीवर हिऱ्याच्या तारेने डोंगर कापतो,
संध्याकाळी येतो तो पापण्यांपर्यंत पांढरा,
गिरणीत झोपून उठल्यासारखा.

मी देनिझलीबाहेरच्या शेडमध्ये.
एकोणीस वर्षं दगडाची भोकं बुजवते.

ट्रॅव्हर्टाइनच्या लाद्या येतात ओल्या, जाळीदार,
उन्हाळ्यातल्या म्हातारीच्या हिरड्या जशा.
इथे कढत पाणी वाहायचं म्हणे,
जे वाटेत येईल त्याला चुना लिंपत:
शेवाळ, बुडबुडा, लव्हाळ्याची काडी.
काडी कुजून गेली. तिची जागा राहिली.
ती जागा म्हणजे माझा पगार.
हे मी रिफ्की उस्ताला एकदा बोलून दाखवलं.
तो म्हणाला, हात चालव.

रंग कालवणं अवघड.
अक्रोडी लादीला अक्रोडी, फिकीला फिका,
पण फिका म्हणजे कुठला?
सायीचा? सोललेल्या बदामाचा?
दुरसुनच्या पहिल्या दाताचा?
(तो मीच जपून ठेवला होता, काडेपेटीत.)
थापीने दाबायचं, दिव्याखाली वाळवायचं,
मग घासाई, मग पुन्हा घासाई.
गिऱ्हाइकाने तळवा फिरवला तर
मी कुठे होते ते सापडता कामा नये.

मार्चमध्ये ऑर्डर आली. चारशे मीटर,
समुद्रापलीकडच्या कुणाच्या न्हाणीघरांसाठी.
कागदावर लिहिलेलं: बुजवू नका.
आर्किटेक्टला भोकं हवी आहेत, रिफ्की म्हणाला,
आणि मला पॅकिंगला बसवलं.
लाकडी चौकटी, थर्मोकोल, सूचनांचे कागद:
लिंबू लावू नये. व्हिनेगर लावू नये.

ते मला सांगायला नको.
आईच्या हातून एकदा लोणच्याची बरणी कलंडली
पायरीवर, तर पायरीला फेस आला.
आई ओरडली, अगं, पोळलं त्याला!
आणि बादलीभर पाणी ओतलं,
मुलाच्या गुडघ्यावर ओतावं तसं.
डाग अजून आहे. वर्तुळ, एका बाजूला तुटलेलं.

चौथ्या दिवशी एका लादीत बोट गेलं.
खोल. करंगळीएवढी नळी,
आत बारीक रेषा, उभ्या,
लव्हाळ्याच्या सालीच्या.
काडी नव्हती, तिची साल उलटी उमटलेली होती.
माझ्या मागे ढीग लागला, पट्टा थांबला,
कुणीतरी शिटी वाजवली.
बोट बाहेर काढलं. लादी गुंडाळली.
तिकडे कुणी आंघोळ करताना,
पाणी गरम व्हायची वाट बघत,
बोट घालेल का, कोण जाणे.
साबण साचेल त्यात. साचू दे.

मे महिन्यात पुन्हा भरावाची कामं आली.
फॅशन बदलली की ऑर्डर बदलली, मी विचारलं नाही.
आल्या आल्या दोन गोण्या पूड कालवली.

घरी आमचं खुराडं याच दगडाचं,
फुटक्या लाद्यांचं, दुरसुनने फुकटात आणलेल्या.
सोंगूल हसते: तुझ्या कोंबड्या हॉटेलात राहतात!
कोंबड्यांना कौतुक नाही. त्या भोकांत चोच मारतात,
किडे काढतात, दगडावरच हगतात.

काल अंडी काढायला वाकले तर
दाराजवळच्या लादीवर एक कुंभारीण,
कंबर दोऱ्याएवढी,
नळाखालच्या चिखलाची गोळी तोंडात घेऊन.
एक भोक तिने बुजवलं होतं, काठोकाठ,
दुसरं अर्धं झालं होतं.
मी अंडी तशीच हातात धरून उभी राहिले.
थापते छान. कडा सफाईने दाबते.
रंग मात्र अजिबात जुळला नव्हता,
गर्द तांबूस, ओला,
लांबून दिसेल असा.